पट्टा बदलायला मिस्त्रीची वाट कशाला?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत, गिरणी, मिरची कांडप आणि शेवया यंत्र चालवणाऱ्या गटांसाठी झालेलं हे भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या ताईंसाठी जसं बोललं गेलं तसंच छापत आहोत.)



आजचा विषय ऐकून मघाशी मागच्या रांगेत थोडं हसू झालं. "पट्टा? म्हणजे गिरणीचा पट्टा? त्यावर काय भाषण करायचं?" बरोबर आहे तुमचं. पण मला आधी एक सांगा. ज्यांच्या घरी पायाचं शिलाई मशीन आहे त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात आले. आता त्या मशीनचा चामडी पट्टा सैल झाला की तुम्ही काय करता? आकडा उघडता, पट्टा बोटभर कापता, पुन्हा भोक पाडून आकडा दाबता आणि शिवायला बसता. त्यासाठी कुणी मिस्त्री बोलावतं का? नाही ना. मग गिरणीचा पट्टा तुटला की आपण दाराला कुलूप लावून तीन दिवस फोन का करत बसतो?

फरक एवढाच की शिलाई मशीन आपल्या पायाने फिरतं आणि गिरणी विजेवर फिरते. हा फरक लहान नाही. त्याबद्दल आज मी सगळ्यात जास्त बोलणार आहे. पण काम तेच आहे. एका चाकाची ओढ दुसऱ्या चाकाला द्यायची, हे पट्ट्याचं काम.

बंद गिरणीचा हिशेब

समजा, आपली गिरणी दिवसाला दोनशे किलो दळते आणि किलोला पाच रुपये दळणावळ घेते. म्हणजे दिवसाचे हजार रुपये. तीन दिवस बंद राहिली की तीन हजार गेले. हा झाला वहीतला हिशेब. वहीत न येणारा हिशेब वेगळाच आहे. दळण घेऊन आलेली बाई रिकामी परत जात नाही, ती शेजारच्या गावच्या गिरणीवर जाते. तिथे तिला पीठ बरं मिळालं की पुढच्या आठवड्यात ती आपल्याकडे येत नाही. गिऱ्हाईक एकदा तुटलं की जोडायला वर्ष जातं.

आणि पट्टा कधी तुटतो? गिरणीवर जास्त ताण असतो तेव्हा. दिवाळीच्या तोंडावर भाजणी आणि बेसनाची गर्दी असते तेव्हा, नाहीतर चैत्र-वैशाखात मिरची-मसाल्याच्या रांगा लागतात तेव्हा. त्याच वेळी तालुक्याच्या मिस्त्रीदादांना दहा गावांतून बोलावणं असतं. त्यांची चूक नाही. एक माणूस किती ठिकाणी जाणार?

पट्टा धरतो कसा?

आपल्या गिरण्यांवर बहुतेक ठिकाणी व्ही पट्टा असतो. वरून रुंद, खाली अरुंद. पुलीची खाचही तशीच असते. आता कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर आठवा. पाचर जितकी ठोकाल तितकी घट्ट बसते. व्ही पट्टा हीसुद्धा एक पाचरच आहे. ओढ आली की तो खाचेत आणखी रुततो आणि दोन्ही बाजूंनी पुलीला पकडतो. लक्षात ठेवा, पट्टा बाजूंनी धरतो, तळाने नाही. पट्ट्याचा तळ खाचेच्या तळाला टेकायला लागला की पाचर सैल झाली. मग पट्टा घसरतो.

घसरणारा पट्टा ओळखायचा कसा? खाचेत बघा. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा खाली बसतोय. एकतर पट्टा झिजलाय, नाहीतर खाच झिजून रुंद झालीय. खाच झिजली असेल तर नवा पट्टा टाकूनही उपयोग नाही. तोही महिन्या-दोन महिन्यांत जाईल. तिथे पुलीच बदलायला लागते.

पट्टा तुटायच्या आधी आपल्याला बरंच सांगत असतो. आपण ऐकायचं असतं.

एक, गिरणी सुरू करताना किंवा धान्य टाकल्यावर चीं असा आवाज येतो. पट्टा सैल आहे.

दोन, जळक्या रबराचा वास येतो. पट्टा घसरून तापतोय.

तीन, मोटर नेहमीसारखी फिरते पण पीठ कमी पडतं. वीज पूर्ण लागते आणि त्यातली काही नुसत्या घसरण्यात, गरम होण्यात वाया जाते. लाईट बिल तेवढंच आणि दळण कमी.

चार, पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या, आतल्या बाजूला आडव्या भेगा पडल्या, कडेचे धागे सुटले किंवा उंदराने कुरतडलं. यातलं काहीही दिसलं तर पट्टा आजच बदलायच्या यादीत लिहायचा. तुटायची वाट बघायची नाही.

आणखी एक. पट्टा घसरायला लागला की काही जणी त्यावर राळ टाकतात, कुणी मेण घासतं, कुणी साबण लावतं. कृपा करून असं करू नका. चिकट पदार्थावर पीठ बसतं, त्याचा थर होतो आणि पट्टा आणखी लवकर खराब होतो. तेल आणि ग्रीस तर रबराचे शत्रूच. बेअरिंगला ग्रीस भरताना पट्ट्यावर थेंब पडला तर लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पट्ट्याला फक्त कोरडं फडकं लावायचं, दुसरं काही नाही.

हाताआधी फ्यूज

आता महत्त्वाचं सांगते. बोलणाऱ्यांनी जरा गप्प व्हा, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकायचीच आहे.

आपल्याकडे लाईट जाते. लाईट गेली की गिरणी थांबते आणि आपल्याला वाटतं, चला, आता बंदच आहे तर पट्टा बघून घेऊ. स्विच मात्र चालूच राहिलेला असतो. ज्या गिरणीला नुसता साधा स्विच आहे तिथे लाईट परत आली की मोटर आपोआप फिरायला लागते. चांगल्या स्टार्टरमध्ये लाईट गेली की तो खाली पडतो आणि बटण दाबल्याशिवाय उठत नाही. पण शेतातल्या पंपासारखा त्याला ऑटो जोडलेला असेल तर तोही आपोआप उठतो. तुमचे हात पुलीत आहेत आणि लाईट आली. पुढचं मी सांगायला नको. बोटं जातात. पदर गुंडाळला तर माणूस आत ओढला जातो.

म्हणून "लाईट गेलीय" म्हणजे "गिरणी बंद आहे" असं कधीच धरायचं नाही. पद्धत एकच:

पहिल्यांदा हॉपरमधलं धान्य संपू द्या आणि गिरणी रिकामी करून थांबवा. मग मेन स्विच खाली करा. मग फ्यूजच्या ग्रिप काढा. तीन फेजचं कनेक्शन असेल तर तिन्ही काढा. हात कोरडे, पायात चप्पल. आणि त्या ग्रिप ठेवायच्या कुठे? टेबलावर नाही, खिडकीत नाही. ज्या बाईचे हात पट्ट्यावर जाणार आहेत तिच्या कमरेच्या बटव्यात. तिच्या अंगावर ग्रिप आहेत तोपर्यंत गिरणी कुणीही सुरू करू शकत नाही. घरातलं पोरगं आलं, सासरे आले, गिऱ्हाईक आलं, कुणी स्विच दाबला तरी काही होणार नाही. फ्यूजच्या जागी नवीन पद्धतीचा खटका असेल तर तो खाली करून पेटीला कुलूप लावा आणि किल्ली त्याच बटव्यात ठेवा. पेटीवर पुठ्ठा अडकवा: "काम चालू आहे. हात लावू नये."

एवढं झाल्यावर एकदा स्टार्टरचं बटण दाबून बघायचं. मोटर हलली नाही, तर मगच जाळी काढायची.

कपड्यांचं सांगते. कापूस वेचताना आपण साडीवर शर्ट घालतो की नाही? तोच शर्ट इथे घाला, बाह्या दुमडून. पदर आत खोचलेला, केसांचा अंबाडा, मंगळसूत्र आत, हातात लोंबणारं काही नाही. मुलींनी ओढणी काढून खुंटीला लावायची. लहान पोरं बाहेर. आणि हे काम एकटीने करायचं नाही, दोघींनी करायचं.

काही ठिकाणी चालत्या पुलीवर काठीने पट्टा चढवतात. "आमचे आजे असंच करायचे" म्हणतात. आजे करायचे ते करायचे. आपण करायचं नाही. हा नियम बायकांच्या भित्रेपणाचा नाही. फिरत्या यंत्राला जाळी हवी आणि चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, ही गोष्ट १९४८ च्या कारखाने कायद्यातही लिहिलेली होती. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराच्या बोटाला जी किंमत आहे, तीच आपल्या बोटाला आहे.

पट्ट्याचा नंबर वाचायला शिका

पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. समजा बी-६२. यातलं बी म्हणजे पट्ट्याची जाडी-रुंदी आणि ६२ म्हणजे आतल्या बाजूने साधारण किती इंच लांब. ए पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड असतो. बी पट्टा १७ मिलिमीटर रुंद, ११ जाड. सी पट्टा २२ रुंद, १४ जाड. ए च्या खाचेत बी बसत नाही आणि बी च्या खाचेत ए टाकला तर तो तळाला जाऊन घसरतो. दुकानदार म्हणाला, "ताई, हा चालून जाईल," तरी घ्यायचा नाही.

नंबर पुसला असेल तर? नुसता जुना पट्टा मोजून चालत नाही, कारण तो ताणून लांब झालेला असतो. अशा वेळी मोटर तिच्या खाचांच्या मधोमध आणा, पुढे सरकायला थोडी जागा आणि मागे जास्त जागा राहील अशी. पुढची जागा नवा पट्टा घालायला लागते, मागची तो पुढे ताणला की ओढून घ्यायला लागते. मग दोन्ही पुलींना बाहेरून सुतळी गुंडाळा, जिथे पट्ट्याची पाठ येते तिथून. सुतळी टेपने इंचात मोजा. बी पट्टा असेल तर त्यातून सुमारे तीन इंच वजा करा, ए असेल तर सुमारे दोन. जो आकडा येईल त्याच्या जवळचा नंबर. तरीही दुकानात जाताना जुना पट्टा सोबत न्यायचाच.

आणि हो, नंबर कळला की तो गिरणीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून टाका. पुढच्या वेळी कुणाला विचारायला नको.

मघाशी एका काकूंनी विचारलं, "आमच्या गिरणीला तीन पट्टे आहेत. एकच तुटला, दोन चांगले आहेत. तिन्ही कशाला टाकायचे?" काकू, प्रश्न चांगला आहे. असं बघा, तिघी मिळून एक ओझं उचलतात आणि त्यातल्या दोघी वाकून चालतायत, एक ताठ. ओझं कुणावर येणार? ताठ चालणारीवर. नवा पट्टा आखूड असतो, जुने दोन ताणलेले असतात. सगळी ओढ नव्यावर येते आणि तोच आधी तुटतो. म्हणून तिन्ही एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे आणि एकाच जोडीतले घ्यायचे. जुन्या दोनांपैकी जो बरा असेल तो एक पट्ट्याच्या गिरणीला अडीअडचणीला ठेवता येईल.

आता प्रत्यक्ष काम

सामान थोडंच लागतं. मोटरच्या बोल्टला बसतील असे दोन पाने, टेप, खडू, कोरडं फडकं, सरळ लाकडी पट्टी किंवा सुतळी, बॅटरी आणि योग्य नंबरचा पट्टा.

फ्यूज बटव्यात गेले, बटण दाबून बघितलं, जाळी काढली. आता मोटरच्या पायांजवळ खडूने खूण करा, म्हणजे आधी ती कुठे होती ते कळेल. मोटर सरकवायचा एक लांब बोल्ट असतो, तो सैल करा. पायांचे चारही बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. मोटर गिरणीच्या बाजूला सरकवा. पट्टा सैल होऊन हाताने निघेल.

हाताने निघेल, हे पुन्हा सांगते. पेचकस किंवा सळई घालून पट्टा उचकटायचा नाही. काढतानाही नाही आणि नवा घालताना तर अजिबात नाही. आत दोऱ्यांची ताकद असते. पेचकसाने ते दोरे आतल्या आत तुटतात. वरून पट्टा नवाकोरा दिसतो आणि आठवड्यात जातो. मग आपण कंपनीला शिव्या देतो.

पट्टा निघाला की लगेच नवा घालायची घाई करू नका. हीच वेळ आहे बाकीचं बघायची. दोन्ही पुली हाताने फिरवा. खरखर लागते का? बेअरिंग बघायला हवं. पुली डुगडुगते का? तिची चावी किंवा स्क्रू सैल झालाय. खाचेच्या कडेला टवका उडालाय का? तो पट्टा कापत राहील. खाचेत पिठाचा थर असेल तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

आता नवा पट्टा दोन्ही पुलींवर हाताने बसवा आणि मोटर मागे ओढत न्या. इथे दोन गोष्टी बघायच्या: ओळ आणि ताण.

ओळ म्हणजे दोन्ही पुली एका रेषेत हव्यात. लाकडी पट्टी किंवा ताणलेली सुतळी दोन्ही पुलींच्या बाजूला लावा. दोन्ही पुलींच्या कडांची जाडी सारखी असेल तर ती चार ठिकाणी टेकली पाहिजे, मोटरच्या पुलीला दोन ठिकाणी आणि गिरणीच्या पुलीला दोन ठिकाणी. एका ठिकाणी फट दिसली तर मोटर तिरकी आहे. तिरक्या मोटरीवर पट्टा एकाच बाजूने झिजतो. रांगोळी काढताना ठिपके रांगेत आहेत का ते आपली नजर लगेच सांगते. तीच नजर इथे वापरा.

ताण म्हणजे किती घट्ट. दोन पुलींच्या बरोबर मध्ये पट्टा अंगठ्याने दाबा. दोन पुलींमध्ये एक मीटर अंतर असेल तर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबावा. ऐंशी सेंटिमीटर असेल तर सव्वा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या जाडीइतका. तीन बोटं दबला तर सैल. दबतच नसेल तर जास्त घट्ट. घट्ट म्हणजे चांगला, असं समजू नका. फार घट्ट पट्टा मोटरच्या आणि गिरणीच्या बेअरिंगला सतत ओढत राहतो. बेअरिंग तापतं, मोटर जास्त करंट घेते आणि पट्ट्याच्या जागी बेअरिंगचा खर्च येऊन बसतो.

ताण जमला की चारही बोल्ट आवळा, पण एकापाठोपाठ एक नाही. समोरासमोरचे, तिरपे. नाहीतर आवळता आवळता मोटर पुन्हा तिरकी होते. सगळं आवळून झाल्यावर ओळ आणि ताण पुन्हा एकदा बघा. पुली हाताने दोन-तीन फेरे फिरवा. पाने, खडू, फडकं सगळं मोजून बाहेर घ्या. जाळी बसवा. जाळी बसल्याशिवाय फ्यूज बटव्यातून बाहेर येणार नाहीत, हा नियमच करा.

मग गिरणी रिकामी चालवा. दहा-पंधरा मिनिटं ऐका. आवाज सरळ आहे का, पट्टा फडफडतो का. पुन्हा सगळी तीच पद्धत करून बंद करा आणि ताण बघा. नवा पट्टा खाचेत बसतो तसा थोडा सैल होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा बघा. त्यानंतर महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

मोटर उलटी फिरेल का, अशी भीती काहींना वाटते. आपण वायरीला हात लावलेलाच नाही, त्यामुळे दिशा बदलत नाही. वायरी, स्टार्टरच्या आतलं काम, मोटरची वायंडिंग यात आपण जायचं नाही. तिथे वायरमनच हवा. आपल्याला काय येतं तेवढंच आपण करायचं आणि काय येत नाही तेही नीट ओळखायचं.

एक इशारा पुलीबद्दल. "मोठी पुली टाक, गिरणी जोरात चालेल" असा सल्ला देणारे खूप भेटतात. हिशेब सोपा आहे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरची पुली ५ इंच आणि गिरणीची १० इंच असेल तर गिरणी ७२० फेरे घेईल. मोटरवर ६ इंची पुली टाकली की तेच ८६४ होतील. दगड जास्त तापेल, पीठ गरम पडेल, मोटरवर ताण येईल. कंपनीने दिलेल्या मापाची पुली सोडून दुसरी टाकायची नाही.

गटाच्या गाडीचा पट्टा

काही गटांकडे माल नेण्यासाठी गाडी आहे. आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून २०१७ पासून देशात बऱ्याच ठिकाणी गटांच्या सदस्यांनी गाड्या घेतल्या. गाडीच्या इंजिनावरही पट्टा असतो, लोक त्याला फॅन बेल्ट म्हणतात. तो बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरवतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि थोड्याच वेळात इंजिन तापतं. दिवा लागला की "घर जवळच आहे" म्हणून गाडी दामटायची नाही. बाजूला घेऊन बंद करायची. पट्टा स्वस्त असतो, इंजिन नाही.

जुन्या गाड्यांवर गिरणीसारखाच व्ही पट्टा असतो. डायनामोचा बोल्ट सैल करायचा, डायनामो इंजिनाकडे ढकलायचा, पट्टा बदलायचा, डायनामो बाहेर ओढून ताण द्यायचा आणि आवळायचं. काम ओळखीचं वाटलं ना? नव्या गाड्यांवर रुंद, चपटा, बारीक उभ्या धारांचा पट्टा असतो. त्यावर ६पीके१२०० असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ६ धारा आणि लांबी १२०० मिलिमीटर. तो चार-पाच चाकांवरून वळणं घेत फिरतो. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढाच, नाहीतर कुठून कुठे गेला होता ते आठवणार नाही. बऱ्याच गाड्यांत ताण देणारं चाक स्प्रिंगचं असतं, त्यावर अंगठ्याचा हिशेब चालत नाही. तिथे गाडीच्या पुस्तकात दिलंय तसंच करायचं.

गाडीलाही तीच शिस्त: इंजिन पूर्ण थंड, किल्ली बटव्यात. शिवाय बॅटरीची वजा बाजूची वायर काढून ठेवायची, कारण काही गाड्यांचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक फिरतो. आणि इंजिनाच्या झाकणाआडचा टायमिंग बेल्ट वेगळा असतो. त्याला घरी हात लावायचा नाही. एक दात चुकला तरी इंजिनाचं मोठं नुकसान होऊ शकतं. ते काम गॅरेजचं.

आपण आज काय ठरवायचं?

नुसतं ऐकून घरी जाऊ नका. तीन ठराव करू या.

पहिला, प्रत्येक यंत्रासाठी एक जादा पट्टा, तीन पट्ट्यांच्या गिरणीला एक पूर्ण जोडी, गटात आणून ठेवायची. दळणावळीतून दर महिन्याला थोडी रक्कम देखभालीला बाजूला काढायची आणि तशी नोंद मासिक बैठकीच्या वहीत करायची. पट्टा उन्हात, तेलाजवळ, किंवा बारीक खिळ्याला टांगून ठेवायचा नाही. मोठ्या गोल वळशात, सावलीत, उंदीर पोहोचणार नाही असा ठेवायचा.

दुसरा, प्रत्येक गटातल्या दोघींनी हे काम शिकायचं. एकीनेच नाही. एकच शिकली आणि ती माहेरी गेली की पुन्हा कुलूप. पहिल्या वेळी मिस्त्रीदादांना बोलवा, पण त्यांना सांगा, "दादा, तुम्ही उभे राहा, आम्ही करतो." त्यांची मजुरी द्या, त्यांचं ज्ञान घ्या. त्यांच्याशी आपली स्पर्धा नाही. पट्ट्यासारख्या कामात त्यांचा वेळ गेला नाही तर बेअरिंग आणि वायंडिंगला ते वेळेवर येतील.

तिसरा, गिरणीच्या वहीत एक पान पट्ट्याचं. नंबर, टाकल्याची तारीख, कुणी टाकला, ताण कधी बघितला. दोन-तीन वेळा लिहिलं की आपल्या गिरणीचा पट्टा किती महिने टिकतो ते कळेल. मग दिवाळीच्या आणि उन्हाळकामांच्या आधीच तो बदलता येईल, गर्दीच्या दिवशी तुटायची वेळच येणार नाही.

शेवटचं बोलते. गिरणी गटाच्या नावावर आहे, कर्ज आपल्या सह्यांनी घेतलंय, हप्ता आपण भरतो. तरी पाना हातात घेतला की कुणीतरी म्हणतंच, "तुम्हाला नाही जमायचं ते." भांडू नका त्यांच्याशी. फ्यूज बटव्यात घाला, जाळी काढा आणि काम करून दाखवा. पुढच्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारणार आहे: तुमच्या यंत्राच्या पट्ट्याचा नंबर काय? प्रत्येक गटाने तो पाठ करून यायचा.

जेवणानंतर या इमारतीच्या मागे असलेल्या कांडप यंत्रावर आपण पट्टा काढून पुन्हा घालून बघणार आहोत. केस बांधून, पदर खोचून या. शर्ट मी चार आणलेत.